पहाटेचे अभंग आणि दिवसाचे वाद : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

वाचकहो, डिसेंबर १८९७ मधील एका आगगाडीच्या डब्यात क्षणभर माझ्याबरोबर चला. अमरावतीचे काँग्रेस अधिवेशन आटोपले आहे आणि गाडी परतीच्या वाटेवर आहे. डब्यात दोघेच प्रवासी, पंचावन्न वर्षांचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांचे एकतीस वर्षांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले. पहाटेचे चार वाजले असतील. कसल्याशा आवाजाने गोखल्यांना जाग येते. पाहतात तो रानडे उठून बसले आहेत, हातांनी टाळी वाजवीत तुकोबांचे अभंग पुन्हा पुन्हा म्हणत आहेत. आवाज काही गोड नव्हता. पण त्यात असा काही भाव ओथंबला होता, की गोखलेही उठून बसले आणि ऐकत राहिले. ही आठवण गोखल्यांनी पुढे स्वतःच सांगून ठेवली आहे.

गोखल्यांसाठी ते वर्ष फार कठीण गेले होते. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी त्यांनी इंग्लंडमध्ये काही विधाने केली होती. ती पुराव्याने सिद्ध करता येईनात, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यामुळे स्वकीयांचे टोमणे त्यांना सोसावे लागत होते. तिकडे लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन तुरुंगात होते. महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन दोन तटांत फाटले होते. अशा वेळी त्या डब्यातला ज्येष्ठ माणूस कोणाविरुद्ध कोणती चाल करावी याचा खल करीत बसला नव्हता, अभंग म्हणत होता.

आज निवडणुका आल्या की घरच्या व्हॉट्सअॅप गटातसुद्धा मामा आणि काका एकमेकांशी बोलेनासे होतात. दोघेही देवभक्त, दोघेही रोज सकाळी गटात देवाचे चित्र पाठवणारे! देवावर श्रद्धा असलेला माणूस राजकारणाच्या वादात उतरला, तर त्या श्रद्धेचे तिथे काम काय? रानड्यांच्या आयुष्यात मी या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले. जे हाती लागले ते काही सरळसोट नाही, हे आपल्याला आधीच सांगून ठेवते.

महादेवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले, उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये झाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांपैकी ते एक. अतिवाचनाने डोळे अधू झाले आणि ते दुखणे आयुष्यभर सोबतीला राहिले. माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव भेटते ते अर्थशास्त्राच्या पुस्तकात. परदेशातले आर्थिक सिद्धान्त या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे त्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात मांडले होते. परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न येतो. त्या पाच गुणांच्या मागे रोज पहाटे अभंग म्हणणारा माणूस उभा आहे, हे मला फार उशिरा कळले.

१८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला आणि थोड्याच काळात रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे आधारस्तंभ बनले. एक निराकार ईश्वर, प्रार्थना, सदाचरण आणि संतांची वाणी ही त्यांच्या श्रद्धेची चौकट. परंपरेशी नाते तोडून वेगळा पंथ काढावा, असे त्यांना कधी वाटले नाही. ज्ञानोबा-तुकोबांनी जे आरंभले तेच आपण पुढे नेत आहोत, अशी त्यांची धारणा होती. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनी १९०० मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यातही संतांच्या चळवळीला त्यांनी मोठे स्थान दिले. माणसे आधी मनाने जोडली गेली आणि मग राज्य उभे राहिले, असा त्यांचा एकूण विचार.

अशा माणसाला वादाला तोंड देण्याची वेळ लवकरच आली. प्रश्न विधवा-विवाहाचा होता. विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने १८६९ मध्ये मुंबईत एक पुनर्विवाह झाला आणि तो घडवून आणणाऱ्या मंडळींवर बहिष्कार पडला. या मंडळींत रानडे होते. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर या विषयावर अनेक दिवस शास्त्रार्थ चालला. दोन्ही पक्ष वेद आणि स्मृतींचे आधार देत होते. सुधारकांची बाजू बहुमताने पडली.

इथे थोडे थांबू या. धर्म सार्वजनिक वादात आला की भांडण पेटते, असे आपण गृहीत धरतो. या शास्त्रार्थात सुधारक हरले खरे, पण दोन्ही बाजूंना मान्य असलेले काही ग्रंथ समोर होते, वचनाला वचनाने उत्तर द्यावे लागत होते. विधवा-विवाहाला वेदांत काय आधार आहे यावर रानड्यांनी स्वतः निबंध लिहिला. प्रतिपक्षाला अडाणी म्हणून त्यांनी बाजूला सारले नाही. त्याच्या श्रद्धेच्या घरात शिरून, त्याच्याच देव्हाऱ्यासमोर बसून ते बोलले. हे करायला ती श्रद्धा आपलीही असावी लागते.

आणि मग आले १८७३ साल. रानड्यांची पहिली पत्नी वारली. ते एकतीस वर्षांचे होते. विधवा-विवाहाचा एवढा पुरस्कार करणारा हा मुलगा आता स्वतःच एखाद्या विधवेशी लग्न करील, अशी धास्ती वडिलांनी घेतली. दुसऱ्या पत्नीच्या निवडीत रानड्यांचे काही चालले नाही. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अवघ्या अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. महाराष्ट्रभर हेटाळणी झाली. विरोधकांना तर आयतेच कोलीत मिळाले.

मला इथे रानड्यांचे समर्थन करायचे नाही. वडिलांचा मान राखणे हा सद्गुणच, पण त्या मानाची किंमत एका लहान मुलीच्या आयुष्याने मोजली जात होती आणि तिला कोणी विचारले नव्हते. समोरच्याचे मन दुखावू नये ही वृत्ती कुठे संपते आणि कच खाणे कुठे सुरू होते, ती रेघ रानड्यांना त्या दिवशी दिसली नाही, किंवा दिसूनही ओलांडता आली नाही. पुढे त्यांनी रमाबाईंना स्वतः शिकवले. घरातल्या बायकांचा विरोध सोसून त्या शिकल्या, सभांतून बोलू लागल्या, १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाच्या संस्थापक झाल्या. त्यांच्या आठवणींचे पुस्तक नसते, तर न्यायमूर्तींचा घरातला चेहरा आपल्याला कधी दिसलाच नसता. तरीही जे घडले ते घडलेच होते.

दोन वर्षांनी, १८७५ च्या पावसाळ्यात, स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. त्यांना बोलावण्यात रानडे अग्रभागी होते. वेद हे निर्दोष, अपौरुषेय प्रमाण आहेत हे स्वामीजींचे मत प्रार्थना समाजाला मान्य नव्हते. तरी रानड्यांनी त्यांची व्याख्याने घडवून आणली आणि शेवटी ५ सप्टेंबरला त्यांची मिरवणूक निघाली. विरोधकांनी एक गाढव सजवून दुसरी मिरवणूक काढली. पाऊस पडून गेलेला, रस्त्यात चिखल, आणि तो चिखल मिरवणुकीवर उडू लागला. जोतीराव फुले आपल्या सहकाऱ्यांसह स्वामीजींच्या बाजूने या मिरवणुकीत होते. सरकारी न्यायाधीश असलेले रानडे गर्दीतून पायी चालत होते. ते घरी आले तेव्हा त्यांचे कपडे चिखलाने माखलेले होते. मिरवणुकीत सगळ्यांबरोबर असताना आपल्यावरच चिखल कसा उडणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी सहजपणे बोलून त्यांनी कपडे बदलले, आणि विषय तिथेच संपला.

हा प्रसंग मला फार मोठा वाटतो. ज्याचे मत पूर्ण पटत नाही अशा साधूसाठी अंगावर चिखल घेणे, आणि ज्यांनी तो फेकला त्यांच्याविषयी घरीसुद्धा कटू शब्द न काढणे! आपण तर पटलेल्या माणसासाठीही पावसात बाहेर पडत नाही.

जोतीरावांचा उल्लेख आला आहे तर आणखी एक गोष्ट सांगते. चिखलात बरोबर चाललेल्या या दोघांचे विचार पुढे जुळलेच असे नाही. १८८५ मध्ये पुण्यात भरणाऱ्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीरावांकडे गेले, तेव्हा त्यांनी ते झणझणीत पत्र लिहून नाकारले. सर्वांचे मानवी हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा रोख होता. पत्राची भाषा मुळीच मवाळ नाही. सौजन्याचा विचार करताना मी या पत्रापाशी अडखळते. ज्याला बोलण्यासाठी व्यासपीठच मिळालेले नाही, त्याच्याकडून मृदू भाषेची अपेक्षा करण्याचा अधिकार व्यासपीठावरच्यांना कितपत आहे? रानड्यांचे सौजन्य हे बऱ्याच अंशी सुस्थित माणसाचे सौजन्य होते. ते खरे होते, पण ते परवडणारेही होते.

सरकारदरबारी मात्र हे सुस्थितपण फारसे कामी आले नाही. पुणे सार्वजनिक सभेमागचा मेंदू रानडे आहेत, असा सरकारचा संशय होता. आधी नाशिक, मग धुळे अशा बदल्या झाल्या. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड गाजत असताना धुळ्यात त्यांची पत्रे फोडून वाचली जात. रानडे आपले काम करीत राहिले. पुढे १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

मधल्या काळातला एक हलकाफुलका प्रसंग रमाबाईंनी लिहून ठेवला आहे. सरकारी समितीच्या कामासाठी कलकत्त्यात मुक्काम असताना रानडे बंगाली शिकू लागले, आणि अडलेले शब्द कोणाला विचारीत, तर दाढी करायला आलेल्या न्हाव्याला! रमाबाईंना हे जरा लाजिरवाणे वाटले होते. आपल्या या देशव्यापी परिवारासाठी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत लेख उतरवण्याची सेवा करताना शब्द अडला की मला तो न्हावी आठवतो.

१८८७ पासून रानड्यांनी राष्ट्रीय सामाजिक परिषद चालवली. काँग्रेसचे अधिवेशन ज्या शहरी, त्याच शहरी आणि बहुधा त्याच मंडपात ही परिषद भरे. मद्रास, अलाहाबाद, कलकत्ता, नागपूर, लाहोर अशी ती देशभर फिरली. राजकीय हक्क, समाजरचना, अर्थव्यवहार आणि धर्म यांची फारकत होऊ शकत नाही, एक अंग लुळे असताना दुसरे सुदृढ राहणार नाही, हे त्यांचे मत होते.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात चहाचे वादळ उठले. पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठितांना मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे दिली. गोपाळराव जोशी नावाच्या खट्याळ गृहस्थांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून टाकली. त्या यादीत रानडे होते, गोखले होते आणि टिळकही होते! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. मित्रांच्या घरांतून बहिष्कारामुळे जो त्रास चालला होता तो मिटावा म्हणून त्यांनी हे केले. सुधारकांनी त्यांना भित्रे ठरवले. रमाबाईंनाही ते रुचले नव्हते.

याच सुमारास संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला होता. कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी पतीच्या अत्याचाराने मरण पावली होती. संमतिवय दहावरून बारा करावे अशी सूचना पुढे आली. रानडे आणि भांडारकर कायद्याच्या बाजूने, तर परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात. भांडारकर आणि टिळक यांच्यात तर शास्त्रवचनांच्या अर्थावरून मोठी लढाई जुंपली. टिळकांचा एक मुद्दा नेमका वर्मी लागणारा होता. ज्यांना सुधारणा हव्यात त्यांनी आधी स्वतःला बंधने घालून घ्यावीत, असे त्यांनी सुचवले होते. १८७३ चे ते लग्न आठवले की या मुद्द्याला रानड्यांकडे काय उत्तर असणार? पण फुलमणीही खरी होती. १८९१ च्या मार्चमध्ये कायदा झाला.

आता १८९५. काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात, अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. सामाजिक परिषद नेहमीप्रमाणे काँग्रेसच्या मंडपात भरायची होती. पुण्यातील मोठ्या वर्गाने यास कडाडून विरोध केला. आमच्या वर्गणीतून उभा राहिलेला मंडप सुधारकांना मिळता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. टिळकांची भूमिका अशी, की काँग्रेस सर्वांची आहे, सामाजिक प्रश्न तिच्या दाराशी आणले तर माणसे दुरावतील. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पण वातावरण इतके तापले, की मंडप जाळून टाकण्याच्या धमक्या आल्या.

रानडे तेव्हा उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. देशभरचे प्रतिनिधी त्यांना मानत होते. हट्ट धरला असता तर मंडप कदाचित मिळाला असता आणि पुण्यात काँग्रेसची दोन शकले झाली असती. त्यांनी मंडपावरचा हक्क सोडला. परिषद मात्र सोडली नाही. फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात वेगळा मंडप घातला गेला, भांडारकर अध्यक्ष झाले, ठरलेले ठराव झाले आणि रानडे नेहमीसारखेच शांतपणे बोलले. १८७३ मध्ये त्यांनी माघार घेतली तेव्हा आपले तत्त्वच सोडले होते. १८९५ मध्ये फक्त जागा सोडली. या दोन माघारींच्या मध्ये बावीस वर्षे आहेत आणि रोजच्या पहाटेचे अभंग आहेत. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मलाही कळते. पण मंडप जाळू पाहणाऱ्यांवर न चिडता शंभर पावले दूर जाऊन तेच काम करण्याइतके बळ नुसत्या चांगल्या वळणातून येत असेल, असे मला वाटत नाही.

त्याच वर्षी सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली. ज्या संस्थेसाठी रानड्यांनी वीस-बावीस वर्षे लेखणी झिजवली ती एका निवडणुकीत गेली. १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा स्थापन केली. तिच्या निवेदनात उदारपणा आणि नेमस्तपणा या दोन शब्दांचा त्यांनी अर्थ सांगितला. वंश आणि पंथ यांच्या पूर्वग्रहांतून मुक्त होऊन माणसामाणसांत न्यायाने वागणे हा उदारपणा. अशक्य ते न मागता, पुढचे पाऊल समजुतीने आणि सद्भावनेने टाकणे हा नेमस्तपणा. दुसऱ्या शब्दावर पुढे पुष्कळ हसले गेले. पहिला शब्द मात्र कोणाला फारसा आठवत नाही.

तो शब्द त्यांनी १८९९ मध्ये लखनौला वापरून दाखवला. मुंबईतील हिंदू-मुसलमान दंगलीला जेमतेम सहा वर्षे झाली होती. सामाजिक परिषदेत ते अकबराच्या कारभाराविषयी बोलले. हिंदू आणि मुसलमान या दोघांनी एकमेकांकडून काय काय घेतले, त्यातून दोघांचे काय भले झाले, हे त्यांनी इतिहासातून मांडले. कोणाची मने राखण्यासाठी कोणाचा दोष त्यांनी लपवला नाही, आणि आपली श्रद्धाही दाराबाहेर ठेवली नाही.

१९०० च्या डिसेंबरात परिषद लाहोरला होती. प्रकृती ढासळल्याने रानड्यांना जाता आले नाही. त्यांनी लिहिलेले भाषण गोखल्यांनी वाचून दाखवले. विषय होता वसिष्ठ आणि विश्वामित्र. आयुष्यभर एकमेकांशी झुंजलेले दोन ऋषी, आणि रामाचे गुरू मात्र दोघेही! दोन तटांत फाटलेल्या देशात या माणसाला अखेरच्या आजारपणात हेच दोघे आठवावेत, याचे मला नवल वाटत नाही.

१६ जानेवारी १९०१ रोजी रात्री मुंबईत रानड्यांचे निधन झाले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्यानंतर टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहिला. वाचकहो, तो मिळाला तर अवश्य वाचा. मंडपाचा वाद, संमतिवयाचा वाद, सभेची निवडणूक, सारे घडून गेले होते. त्या टिळकांनी लिहिले, की पेशवाई गेल्यानंतर महाराष्ट्र गारठून निश्चेष्ट पडला होता, आणि त्याच्यात पुन्हा ऊब कशी येईल याचा ध्यास घेऊन अनेक अंगांनी रात्रंदिवस झटणारा पुरुष म्हणजे रानडे.